पंधरा मार्कांचा एकटेपणा

३ नोव्हेंबर, सोमवार

व्हिसा जानेवारीत संपतोय. सकाळी चहा पिताना कुशल म्हणाला, बाबा, पासपोर्ट वरच्या ड्रॉवरमध्येच आहे ना, रिन्यूअलला टाकायचाय. टाकायचाय! मला विचारावं असं कुणाच्या मनातही येत नाही. गॅसचा नंबर लावतात तसा माझा लावून मोकळे होतात.

मी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. 

खरं सांगायचं तर — आणि इथेही सांगायचं नाही तर मग कुठे — मला बार्शीला परत जायचंय. ही गेल्यावर कुशल आला, घराला कुलूप लावलं आणि मला इथे आखातात, फुजैऱ्याला घेऊन आला. तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. मुलगा, सून, नात, समोर समुद्र. आणखी काय पाहिजे म्हाताऱ्याला? पण आता कंटाळलो. भांडण नाही, तंटा नाही, कुणी वाकडं बोलत नाही. तरी कंटाळलो. जातो म्हटलं तर कुशलला लागेल. इथल्या लोकांत त्याची मान खाली जाईल. म्हणून गप्प.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज कुणाशी बोललो? लिफ्टमधल्या बाईंना गुड मॉर्निंग म्हटलं. त्यांनी फोनमधून मान वर केली नाही. संपलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आत्माराम आला होता. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांना भाजीपाला आणि किराणा पुरवायचा त्याचा धंदा. कुठलंही वाक्य "खलास" म्हणून संपवतो. इथली मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी; महिन्यातून एकदा सगळे कुणाच्यातरी घरी जमतात. या वेळी त्याच्याकडे आहे. म्हणाला, सर, तुम्ही काहीतरी बोला ना, नाहीतर आम्ही नुसतेच खातो. तुमचा कॉलेजात विषय काय होता?

मी म्हटलं, अमेरिकन कथासाहित्य. त्यातही छोट्या गावांतल्या माणसांचं एकटेपण आणि परकेपण.

"वा! मग तेच होऊन जाऊ दे. पण पाऊण तास हं सर. नंतर जेवण आहे."

हसलो खरा, पण तो गेल्यावर उठून आरशासमोर उभा राहिलो आणि घसा खाकरून पाहिला. आवाज अजून आहे!

उभा जन्म हाच विषय शिकवला. अमेरिका काही पाहिली नाही. ती गावं मात्र पाठ आहेत — एक मुख्य रस्ता, धान्याचं कोठार, चर्च, रेल्वे स्टेशन आणि प्रत्येक खिडकीमागे एक माणूस. बार्शीची पोरं विचारायची, सर, त्यांच्याकडे गाड्या आहेत, बागा आहेत, मग त्यांना एकटं कशाला वाटतं? मी म्हणायचो, लिहून घ्या. एकटेपणाची कारणे पुढीलप्रमाणे. पंधरा मार्कांचा हमखास प्रश्न होता तो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

व्याख्यानाची तयारी. कपाटातून जुन्या नोट्स काढल्या. इथे येताना कपडे कमी केले होते, या आणल्या होत्या.

अवनी शाळेतून आली आणि माझ्या पलंगावर पसरली. बारावीला आहे. जूनमध्ये परीक्षा संपली की कॅनडाला जाणार. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. म्हटलं, ऐक, तुलाही उपयोग होईल. वाचून दाखवलं — एकटेपण म्हणजे सहवासाचा अभाव. परकेपण म्हणजे सहवास असूनही...

"आजोबा, दॅट्स अ डेफिनिशन. टेल मी अ स्टोरी."

मग तिला स्टेशनवरच्या बाईची कथा सांगितली. एका आडगावातली एक बाई रोज संध्याकाळी चांगले कपडे करून स्टेशनवर जाते. गाडी येते, थांबते, सुटते. ही चढत नाही. घरी येऊन नवऱ्याला वाढते. गावाला वाटतं, तिचा कुणी येणार असेल. कुणी येत नाही. वर्षानुवर्षं असंच. शेवटी गाडीच बंद होते.

अवनी उठून बसली. मग म्हणाली, "डिड एनीवन आस्क हर?"

मी म्हटलं, तो मुद्दा परीक्षेत येत नाही.

ती खो खो हसली. मीही हसलो. मग तिचा फोन वाजला आणि ती गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एक विचित्र गोष्ट पाहिली.

शुक्रवारी शिवानीचं ऑफिस लवकर सुटतं. शिपिंग एजन्सीत आहे ती, खलाशांच्या चढण्या-उतरण्याची कागदपत्रं बघते. मी गॅलरीत बसलो होतो. तिची पांढरी गाडी खाली येऊन लागली. दिवे बंद झाले. दार काही उघडलं नाही. मला वाटलं, फोनवर असेल. माझा चहा पिऊन झाला. पेपर उघडला, मिटला. ती तशीच आत. कितीतरी वेळाने उतरली, पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली आणि वर आली.

"बाबा, जेवलात? गोळी घेतलीत?"

हो म्हटलं. रोजचं आमचं बोलणं एवढंच. तिने कधी चुकवलं नाही आणि मीही कधी वाढवलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजही. मुद्दाम गॅलरीत बसलो होतो. बघू नये हे कळतं. तरी बघितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कळलं. बरं झालं एकदाचं कळलं ते.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो. शिवानी तिकडच्या छोट्या गॅलरीत कपडे वाळत घालत बहिणीशी फोनवर बोलत होती. "घरी यावंसंच वाटत नाही गं. गाडी लावते आणि बसून राहते." मला बघितल्यावर आवाज बदलला. पुण्याला थंडी पडली का वगैरे.

म्हणजे ती माझ्यामुळे बसते. दुसरं काय कारण असणार? दिवसभर ऑफिसात राबायचं आणि वर आलं की सोफ्यावर सासरा! पाय पसरून बसता येत नाही. नवऱ्याशी मोकळं बोलता येत नाही. टीव्हीवर काय लावायचं तेही माझ्याकडे बघून. मी तिच्या जागी असतो तर मीही गाडीतच राहिलो असतो.

राग आला नाही. फार वाईट वाटलं. मी इतका शहाणपणाने वागत होतो — आपला कप आपण विसळतो, बाथरूम कोरडी करतो, आठ वाजल्यापासून आपल्या खोलीत. तरी मी असतोच ना घरात. माणूस किती कमी जागा घेणार?

जायचं. आता नक्की.

२२ नोव्हेंबर, शनिवार

व्याख्यान झालं.

आत्मारामच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकवून सतरंजी घातली होती. त्याच्या बायकोने, सुलक्षणाने, मागे टेबलावर वडे झाकून ठेवले होते. वास दरवळत होता. अशा वासात अमेरिकन माणसाचं परकेपण समजावून सांगायचं म्हणजे कठीण काम! तरी बोललो. पहिली दहा मिनिटं नोट्समधून, मग नोट्स सुटल्या. दुकान रविवारीही उघडं ठेवणारा न्हावी, दोन ताटं मांडून जेवणारी मास्तरीण, मग स्टेशनवरची बाई. पुरुषमंडळी फोन खाली ठेवून ऐकत होती.

स्टेशनवरच्या बाईबद्दल मी नेहमीचं बोललो. ही निष्क्रिय व्यक्तिरेखा आहे. गाडी दारात येते आणि हिला चढायचं धैर्य होत नाही. लेखकाला तिच्यातून साऱ्या गावाचा गोठलेपणा दाखवायचाय.

इथे शिवानी उठली. माणसांमधून वाट काढत, चप्पल घालून सरळ बाहेर. शेवटपर्यंत आली नाही. कुशल एवढा फोनवर काहीतरी बघत होता, त्याला पत्ताही नाही. मी मात्र वाक्याच्या मध्येच अडकलो. पुढे काय बोललो ते आठवत नाही.

शेवटी एकाने विचारलं, सर, पण यावर उपाय काय? सगळे हसले. मी म्हटलं, साहित्य उपाय सांगत नाही. आत्माराम म्हणाला, उपाय मागे टेबलावर आहे, यल्ला, चला! टाळ्या मिळाल्या. शाल दिली. या हवेत शाल!

परत येताना शिवानी पुढच्या सीटवर डोळे मिटून होती. सासऱ्याचं पाऊण तासाचं बोलणंही तिला सोसवत नाही. चार माणसांत उठून गेली. हे मात्र लागलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

शिवानी माझ्याशी बोलली नाही. मीही नाही. गोळीचंसुद्धा विचारलं नाही तिने.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सांगून टाकलं. जेवताना.  "कुशल, माझा व्हिसा रिन्यू करू नकोस. मी बार्शीला जातो."

त्याने घास खाली ठेवला. "का? इथे काय कमी पडलं, सांगा ना. मॅट्रेस बदलू का? आय मीन, तुम्ही बोलत नाही तर मला कळणार कसं?"

म्हटलं, कमी काही नाही. तिथे घर आहे, जुनी मंडळी आहेत, बाजारापर्यंत पायी जाता येतं.

"माझ्या प्लँटमध्ये सगळे म्हणतात, यू आर लकी, तुझे बाबा तुझ्याजवळ राहतात. आता त्यांना काय सांगू?"

हेच! मला माहीत होतं. पण त्याचा चेहरा पाहिला. शाळेत नंबर घसरला की असाच व्हायचा. तेलाच्या टाक्यांवर शिफ्ट करून करून डोळ्यांखाली काळं आलंय. घरी असला की झोपलेला असतो, नाहीतर फोनवर. त्याला दोष तरी काय द्यायचा? हे सगळं त्याच्याच जिवावर चाललंय.

थोड्या वेळाने म्हणाला, ठीक आहे, जानेवारीचं तिकीट बघतो.

शिवानी आमटी वाढत होती. डाव हातात तसाच राहिला. मग माझ्या वाटीत आमटी घातली. नको नको म्हणेपर्यंत काठोकाठ भरली.  तिला हलकं वाटलं असणार.

अवनी म्हणाली, "आजोबा, धिस सक्स," आणि ताट घेऊन खोलीत गेली. तेवढी एकच माया उघड करणारी.

२ डिसेंबर, मंगळवार

इथला राष्ट्रीय दिवस. सगळ्यांना सुट्टी. रस्त्याने गाड्याच गाड्या, प्रत्येकीवर झेंडे, हॉर्नचा नुसता कल्लोळ. आम्ही चौघं पराठे घेऊन समुद्रावर गेलो. हवा सुंदर होती. लांब पाण्यात जहाजं उभी होती, तेल भरून घ्यायला थांबलेली. जायचं ठरल्यापासून मला सगळंच चांगलं दिसायला लागलंय!

एक गंमत लक्षात आली. शिवानी म्हणाली, "बाबा, कुशलला विचारा आणखी पराठा हवा का." कुशल हाताच्या अंतरावर बसला होता. तो म्हणाला, "बाबा, नको म्हणावं. आणि गाडीची किल्ली कुठे ठेवलीय विचारा." मी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. घरीही असंच चालतं की! इतके दिवस माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी गेलो की यांचं टपाल कोण पोचवणार, असं म्हणून मी हसलो. कुणीच हसलं नाही.

कुशलने तिकीट काढलं म्हणून सांगितलं. बाराशे दिरहॅम, म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या वर, असं मोठ्याने म्हणाला. महाग पडलं म्हणाला, सुट्टीचे दिवस आहेत.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज खाली गेलो.

ठरवून नाही. गाडी लागली, दार उघडेना, आणि मला वाटलं, जायचंच आहे तर जाण्याआधी माफी तरी मागावी. चप्पल घातली, लिफ्टने खाली. गाडीजवळ जाऊन काचेवर टकटक केली. शिवानी दचकली. स्टिअरिंगवर दोन्ही हात, डोळे लाल. दुसऱ्या बाजूचं दार उघडून दिलं.

"बसा बाबा. ए.सी. चालू आहे."

बसलो.  म्हटलं, शिवानी, माझ्यामुळे तुला तुझ्याच घरात यावंसं वाटत नाही, हे मला माहीत आहे. मी जातोय. आता तू —

"तुमच्यामुळे?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, या घरात दिवसातून एकदा तरी माझ्याकडे मान वर करून बघणारे तुम्ही एकटे आहात. बाबा, जेवलात का, असं मी विचारते, कारण तुम्ही उत्तर देता."

 मग तिने सांगितलं. वर गेलं की कुशल झोपलेला. उठला की फोन. त्यात वाईट काही नाही, तो चांगला आहे, ओरडत नाही, काही नाही. पण शेवटचं आम्ही दोघं काय बोललो, आठवत नाही मला, बाबा. किल्ली, गॅस, अवनीची फी. गाडीत निदान आपण एकटे आहोत हे खरं असतं.

मी व्याख्यानाचं विचारलं.

"ऐकवेना. तुम्ही तिला निष्क्रिय म्हणालात. रोज तयार होऊन घराबाहेर पडते ती, बाबा. परत येऊन वाढतेसुद्धा. तुम्ही करून बघा."

ज्या कथेवर पिढ्यान् पिढ्या पेपर काढले, तिच्यावर एवढं खरं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. आणि मी! त्याच कथा शिकवून शिकवून म्हातारा झालो आणि घरातल्या कथेत मीच नायक असं धरून चाललो. एकटा मी, बिचारा मी. सून आपली दुय्यम पात्र! लाज वाटली.

मी तिच्या हातावर हात ठेवला. लग्न होऊन आली तेव्हापासून पहिल्यांदाच. ती म्हणाली, चला, कुकर लावायचाय.

६ डिसेंबर, शनिवार

तिकीट रद्द करावं का? कुशल म्हणेल, बाबांचं डोकं फिरलं. तरीही. कुशलशीही बोलायला हवं, सून काय म्हणाली ते नाही, पण त्याच्या स्वतःबद्दल. बाजूला बसून. बाप म्हणून एवढं येतं का मला? हा विषय काही मी शिकवलेला नाही.

आज शिवानीने आणि मी मेथी निवडली. दोघं मिळून. तिच्या आईच्या हातच्या भाजीचं सांगत होती. कुशलची नाइट होती म्हणून तो आत झोपलेला. बरं वाटलं. खूप दिवसांनी.

८ डिसेंबर, सोमवार

कुशलला म्हटलं, तिकिटाचं काही करता येईल का? मी थांबावं म्हणतो. त्याने मला मिठीच मारली! एवढा मोठा झाल्यापासून कधी मारली नव्हती. "बाबा, यू हॅव नो आयडिया," म्हणाला आणि नाक ओढलं. उद्याच व्हिसाचं बघतो म्हणाला. मग मी जरा धीर करून म्हटलं, शिवानीला कुठेतरी फिरवून आण. म्हणाला, हो हो, तिचं जरा बिझी चाललंय, इन्शाल्ला नेक्स्ट मंथ.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी शिवानीला स्वयंपाकघरात सांगितलं, थांबतोय मी. वाटलं होतं, हसेल.

तिने दार लोटून घेतलं. म्हणाली, "बरं झालं बाबा. फक्त जूनपर्यंत थांबा. अवनी कॅनडाला गेली की मी तुमच्याबरोबर येते. बार्शीला."

म्हटलं, ये की, सुट्टीला हक्काने ये.

"सुट्टीला नाही, बाबा."

डबा उचलून ती ऑफिसला गेली. कुशल आत्ता उठलाय. मला चहा विचारतोय.